पॅशन फ्रूट : गर, बिया, साल आणि पाने

पॅशन फ्रूटविषयी आरोग्यविषयक लेखनात जे दावे केले जातात, त्यांत पचनापासून रक्तदाबापर्यंत आणि दम्यापासून निद्रानाशापर्यंत जवळजवळ सर्व तक्रारी येऊन जातात. हे दावे कशाच्या आधारावर उभे आहेत हे तपासू लागले, की त्यांतील काही फळाच्या गराविषयी, काही बियांविषयी, काही एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या सालीविषयी, तर काही चक्क दुसऱ्याच एका वेलीच्या पानांविषयी आहेत, असे ध्यानात येते. एकाच नावाखाली हे सर्व गुण एकत्र केल्यामुळे फळ खाणाऱ्याला नेमके काय मिळते हा साधा प्रश्न बाजूला पडतो. त्याचे उत्तर पुरेसे समाधानकारक आहे, म्हणूनच ते अतिशयोक्तीपासून वेगळे करून मांडणे अगत्याचे ठरते.

पॅसिफ्लोरा या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक मध्य व दक्षिण अमेरिकेतील वेली आहेत. त्यांपैकी पॅसिफ्लोरा एड्युलिस ही जाती पॅशन फ्रूट म्हणून जगभर लावली जाते. दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना हा तिचा मूळ प्रदेश होय. महाराष्ट्रातील घरांच्या फाटकांवर आणि मांडवांवर चढविलेली कृष्णकमळाची वेल याच प्रजातीतील आहे. जांभळट तंतूंच्या वलयात शंभर कौरव, पाच पुंकेसरांत पांडव पाहण्याची जी रीत मराठी घरांत आहे, तशीच दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रसारकांनी त्याच वलयात ख्रिस्ताचा काटेरी मुकुट आणि फुलाच्या मध्यावरील तीन किंजल्कांत क्रुसाचे खिळे पाहिले होते, आणि फळाचे प्रचलित नाव ख्रिस्ताच्या त्या दुःखभोगावरूनच आले.

लागवडीत या जातीचे दोन प्रकार प्रमुख आहेत. जांभळ्या सालीचा प्रकार थंड, डोंगराळ हवामानात चांगला फळतो. त्याचे फळ लहान, परंतु रस अधिक सुगंधी व गोडसर असतो. पिवळ्या सालीचा प्रकार उष्ण व सखल प्रदेशाला मानवतो, त्याचे फळ मोठे आणि रस अधिक आंबट असतो. मात्र त्याच्या फुलाला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, दुसऱ्या वेलीचा पराग आणणारी मोठी काळी भुंग्यासारखी सुतारमाशी त्याला लागते, आणि जिथे ती पुरेशी नसते तिथे ब्राझीलमधील बागायतदार हाताने परागीभवन करतात. या दोन्हींचा संकर करून कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात चेट्टळ्ळी येथील उद्यानविद्या प्रयोग केंद्राने ‘कावेरी’ नावाचे वाण तयार केले आहे.

फळ पिकले की वेलीवरून आपोआप गळून पडते, आणि पुष्कळ बागांत ते जमिनीवरूनच वेचतात. गुळगुळीत, तकतकीत फळापेक्षा सालीला सुरकुत्या पडलेले फळ खाण्यास चांगले असते, कारण तोवर सालीतील पाणी उडून गेलेले असते आणि गराची आंबट धार कमी झालेली असते. सुरकुतलेले फळ शिळे समजून बाजूला टाकणारे गिऱ्हाईक त्यातील उत्तम फळालाच मुकते. असे फळ मधोमध कापले, तर जाड सालीच्या आत पांढऱ्या, कापसासारख्या अस्तराला चिकटून कित्येक छोट्या नारिंगी-पिवळ्या पिशव्या दिसतात आणि त्या प्रत्येक पिशवीत एकेक काळी, चपटी, कडक बी असते. वनस्पतिशास्त्रात या रसाळ पिशवीला अध्यावरण म्हणतात, म्हणजे बीच्या देठाकडून वाढत येऊन बीला वेढणारा मांसल थर. खाण्याचा भाग हा एवढाच असून त्याचा रस बियांपासून सहज सुटत नाही, या एका रचनेत फळाच्या पोषणमूल्याचे बहुतेक स्पष्टीकरण दडलेले आहे.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटक सारणीनुसार जांभळ्या पॅशन फ्रूटच्या बियांसह १०० ग्रॅम गरात ९७ किलोकॅलरी ऊर्जा, सुमारे ७३ ग्रॅम पाणी, २.२ ग्रॅम प्रथिने, सुमारे ११ ग्रॅम शर्करा आणि १०.४ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. यातील शेवटचा आकडा लक्ष वेधून घेणारा आहे. त्याच सारणीत सालीसह सफरचंदात १०० ग्रॅममागे २.४ ग्रॅम आणि केळ्यात २.६ ग्रॅम तंतू नोंदलेले आहेत, म्हणजे वजनास वजन धरले तर पॅशन फ्रूटमध्ये त्यांच्या चौपट तंतू मिळतात. अर्थात एका जांभळ्या फळातून खाण्याजोगा गर जेमतेम १८ ग्रॅम निघतो, ही गोष्ट लेखांतून बहुधा सांगितली जात नाही. एका फळाने पोटात जाणारे तंतू दोन ग्रॅमहून थोडे कमीच असतात. पाच फळे खाल्ली तर मात्र सुमारे नऊ ग्रॅम तंतू मिळतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दररोज किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातूनच घ्यावेत असे सुचविले आहे हे ध्यानात घेतले, तर त्या गरजेचा एकतृतीयांशाहून अधिक वाटा केवळ ८५-९० किलोकॅलरीत पुरा होतो.

तंतुमय पदार्थ म्हणजे वनस्पतीच्या पेशीभित्तिकांतील अशी कर्बोदके व तत्सम घटक, जे माणसाच्या लहान आतड्यातील पाचकरसांनी फुटत नाहीत आणि मोठ्या आतड्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचतात. त्यांचे दोन वर्ग सोयीसाठी केले जातात. पाण्यात न विरघळणारे, म्हणजे अविद्राव्य तंतू मुख्यतः बियांच्या कवचात असतात. ते पाणी धरून मळाचे आकारमान वाढवितात, आतड्याच्या भिंतीला चालना देतात आणि बद्धकोष्ठ कमी करतात. पाण्यात विरघळणारे तंतू, ज्यांत पेक्टिन हा जॅम घट्ट करणारा पदार्थ येतो, ते आतड्यात बुळबुळीत जेलीसारखा थर तयार करतात; त्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, शर्करा रक्तात एकदम न उतरता हळूहळू उतरते आणि पोट भरल्याची जाणीव अधिक काळ टिकते. याच जेलीत यकृताने सोडलेली पित्ताम्ले अडकून मळावाटे बाहेर जातात आणि ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते, त्यामुळे ‘वाईट’ म्हणून ओळखले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल काही प्रमाणात उतरते.

मोठ्या आतड्यातील जिवाणू यांतील बराचसा भाग आंबवितात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्यूटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले बनतात. यांपैकी ब्यूटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे प्रमुख इंधन होय, म्हणजे या पेशी आपल्या ऊर्जेचा मोठा भाग रक्तातून नव्हे, तर आतड्यातील जिवाणूंनी तंतूंपासून तयार केलेल्या या मेदाम्लातून मिळवितात. तंतूंविना जेवण जेवणाऱ्याच्या आतड्यातील जिवाणूंना हे खाद्य मिळत नाही आणि त्या अस्तराची झीज भरून निघण्यात अडथळा येतो. पॅशन फ्रूटचा सर्वांत खात्रीचा आरोग्यलाभ हाच आहे. तो दिसायला साधा असला तरी त्यामागील पुरावा इतर कोणत्याही दाव्यापेक्षा भक्कम आहे, कारण तंतूंचे हे कार्य असंख्य अन्नपदार्थांच्या व दीर्घकाळ चाललेल्या पाहण्यांच्या अभ्यासातून पुनःपुन्हा दिसून आलेले आहे.

आता हेच फळ रसाच्या रूपात घेतले तर काय होते, ते त्याच सारणीतील दुसऱ्या नोंदीवरून कळते. जांभळ्या पॅशन फ्रूटच्या गाळलेल्या ताज्या रसात १०० ग्रॅममागे तंतूंचे प्रमाण ०.२ ग्रॅम एवढेच उरते. १०.४ वरून ०.२ ही घसरण चाळणीत घडते. क जीवनसत्त्व जवळपास तेवढेच राहते, पोटॅशियमही बरेचसे टिकते, परंतु ज्या गुणासाठी हे फळ इतरांहून वेगळे ठरते, तो चाळणीवर उरलेल्या काळ्या बियांबरोबर आणि चिकट चोथ्याबरोबर निघून जातो. शिवाय रस फार आंबट असल्यामुळे तो नुसता पिणे बहुतेकांना जमत नाही आणि त्यात साखर घातली जाते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार स्क्वॉशमध्ये फळाचा रस किमान २५ टक्के आणि एकूण विरघळलेले घन पदार्थ किमान ४० टक्के असावे लागतात. या ४० टक्क्यांतील बहुतांश भाग साखरेचा असतो. त्यामुळे पॅशन फ्रूटच्या चित्राखाली त्याचे औषधी गुण छापलेली बाटली विकत घेणाऱ्याला प्रत्यक्षात सुगंधी साखरपाणी मिळते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सुगंध मात्र खरोखर अद्वितीय आहे. तो अत्यल्प प्रमाणात असलेल्या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो आणि माणसाचे नाक त्यांना इतके संवेदनशील आहे, की रसात भरपूर पाणी मिसळले तरी तो लपत नाही, म्हणूनच पेयांच्या व्यवसायाला हे फळ प्रिय आहे.

क जीवनसत्त्वाच्या बाबतीत थोडा संयम हवा. १०० ग्रॅम गरात ते ३० मिलिग्रॅम असते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम, तर स्त्रीची ६५ मिलिग्रॅम आहे. तेवढ्याच वजनाच्या पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व मिळते आणि आवळा तर त्याहूनही पुढे आहे. ज्याला केवळ हे जीवनसत्त्व हवे आहे, त्याने बाजारातील महागडे पॅशन फ्रूट शोधण्याचे कारण नाही. तरीही जेवणाबरोबर हे फळ घेतल्याने एक उपयोग होतो. पालेभाज्या, कडधान्ये आणि बाजरी यांतील लोह अशा रासायनिक स्वरूपात असते, की आतड्याला ते सहज शोषता येत नाही; क जीवनसत्त्व आणि फळातील सायट्रिक आम्ल त्याचे शोषणयोग्य रूपांतर करतात व ते विद्राव्य ठेवतात. शाकाहारी घरांतील स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या रक्तक्षयाच्या संदर्भात जेवणातल्या आंबट फळाचे हे काम महत्त्वाचे आहे, मग ते फळ लिंबू असो वा पॅशन फ्रूट.

गराला नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये, विशेषतः बीटा-कॅरोटिन, शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतरित होतात आणि दृष्टी, त्वचा व श्लेष्मल अस्तरे यांच्या रक्षणासाठी लागतात. ती मेदात विरघळणारी असल्याने थोड्या स्निग्ध पदार्थाबरोबर, उदाहरणार्थ सायीसकट दह्यात गर कालवून खाल्ल्यास अधिक शोषली जातात. १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि त्या मानाने फारच थोडे सोडियम, हे प्रमाणही रक्तदाबाच्या दृष्टीने अनुकूल आहे, कारण पोटॅशियममुळे मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील ताण सैल होतो.

बियांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण अलीकडील संशोधनाचे लक्ष त्यांच्याकडेच वळले आहे. जपानी संशोधकांनी २०१० च्या सुमारास या बियांमध्ये पिसिअ‍ॅटॅनॉल नावाचे पॉलिफेनॉल मोठ्या प्रमाणात असल्याचे दाखविले. पॉलिफेनॉल म्हणजे वनस्पतींनी कीड, बुरशी आणि अतिनील किरण यांपासून बचावासाठी बनविलेल्या संयुगांचा एक मोठा गट. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल हे त्यांतील सुप्रसिद्ध नाव असून पिसिअ‍ॅटॅनॉलची रचना त्याच्यासारखीच, फक्त एका हायड्रॉक्सिल गटाने अधिक आहे. प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्वचापेशींवर या द्रव्याने रंगद्रव्याची निर्मिती कमी होते व कोलॅजन हे त्वचेला ताण देणारे प्रथिन वाढते, असे दिसले. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३९ व्यक्तींपैकी काहींना आठ आठवडे दररोज २० मिलिग्रॅम पिसिअ‍ॅटॅनॉल, तर इतरांना औषधविरहित गोळी देण्यात आली. तेव्हा वजन जास्त असलेल्या पुरुषांमध्ये इन्सुलिनचे प्रमाण, इन्सुलिनला शरीराकडून होणारा विरोध, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके यांत सुधारणा आढळली, मात्र वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये आणि सामान्य वजनाच्या व्यक्तींमध्ये तसा परिणाम दिसला नाही. एवढ्या लहान गटातील एका उपगटापुरता आलेला निष्कर्ष पुढील संशोधनाला दिशा देतो. त्यावरून मधुमेहावर उपाय सापडला असे जाहीर करणे शास्त्राला धरून नाही.

शिवाय त्या चाचणीत बियांतून काढलेले शुद्ध द्रव्य दिले होते, आणि फळ खाणारा माणूस बहुधा बिया न चावता गिळतो. ही बी इतकी कठीण व काष्ठमय असते, की न चावता गिळली तर ती बहुतांशी अखंडच बाहेर पडते. तिच्या कवचाचा मळाचे आकारमान वाढविण्यासाठी उपयोग होतो, परंतु आतील पॉलिफेनॉल आणि लिनोलेइक आम्लाने समृद्ध असे तेल आतड्याच्या हाती लागत नाही. बिया कुरकुरीत असून सावकाश चावल्यास त्यांची चव वाईट नसते. ज्याला त्यांचा लाभ हवा, त्याने त्या चावून खाव्यात हे तर्काला धरून आहे.

सालीच्या बाबतीतही असाच भेद करावा लागतो. रस काढल्यानंतर फळाच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग साल म्हणून उरतो आणि ब्राझीलसारख्या, या फळाच्या उत्पादनात जगात पहिल्या असलेल्या देशात त्या सालीचे ढीग साचतात. तिथे पिवळ्या फळाची साल वाळवून, दळून तिचे पीठ विकले जाते आणि त्यातील भरपूर पेक्टिनमुळे ते मधुमेहींना उपयोगी पडेल या अपेक्षेने त्याच्या चाचण्याही झाल्या. काहींत इन्सुलिनविषयीच्या निकषांत सुधारणा आढळली, तर काहींत ठळक फरक दिसला नाही. जांभळ्या फळाच्या सालीचा अर्क दम्याच्या रुग्णांना चार आठवडे दररोज १५० मिलिग्रॅम देऊन केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरघर व खोकला कमी झाल्याचे नोंदले गेले. पॅशन फ्रूट दम्यावर गुणकारी असल्याचा जो उल्लेख सर्वत्र आढळतो त्याचे मूळ या थोड्या रुग्णांवरील अभ्यासात आहे, आणि तो सालीच्या अर्काविषयी आहे. फळाचा गर खाऊन दमा कमी होतो असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि दम्याच्या रुग्णाने चालू औषध सोडून या फळावर विसंबणे धोक्याचे ठरेल.

झोपेविषयीचा दावा तर दुसऱ्याच वेलीचा आहे. युरोपातील औषधकोशांत जी पॅसिफ्लोरा शामक म्हणून नोंदली आहे, ती पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा ही अमेरिकेच्या आग्नेय भागात रानोमाळ वाढणारी जाती असून तिची पाने, कोवळ्या फांद्या व फुले वाळवून वापरतात. सौम्य मानसिक ताण आणि झोप न लागणे यांवर दीर्घकालीन पारंपरिक वापराच्या आधारे युरोपीय औषध संस्थेने तिला मान्यता दिलेली आहे. ब्राझीलमध्ये पॅशन फ्रूटचा, म्हणजे तिथल्या माराकुजाचा रस प्यायल्याने मन शांत होते असा लोकसमज दृढ आहे, परंतु शामक मानली जाणारी व्हिटेक्सिनसारखी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये प्रामुख्याने पानांत असतात, गरात नव्हे.

भारतात हे फळ विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरी, कोडगू आणि वायनाडच्या डोंगरांत रुजले. आता मणिपूर, नागालँड, मिझोराम ही ईशान्येकडील राज्ये त्याच्या लागवडीत अग्रेसर आहेत. तिथे गराबरोबर वेलीची कोवळी पानेही उकडून भाजीसारखी खाल्ली जातात. केरळातील पालक्काड जिल्ह्यात नेल्लियांपती येथील सरकारी फळबागेचे स्क्वॉश पर्यटकांत प्रसिद्ध आहे. कोकण व गोव्याच्या दमट, सखल पट्ट्यातील हवामान पिवळ्या प्रकाराच्या गरजेशी जुळणारे असल्याने परसात मांडव घालून तो लावता येण्यासारखा आहे, आणि घरच्या वेलीचे फळ रस न गाळता, चमच्याने बियांसकट खाल्ले जाण्याची शक्यता बाटलीतल्या फळापेक्षा कितीतरी अधिक असते.

काही जणांनी मात्र जपून राहावे. ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करीत नाहीत त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचू शकते, म्हणून त्यांनी वैद्यांना विचारूनच हे फळ खावे. रबरी हातमोज्यांतील लॅटेक्सची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्यापैकी काहींना केळे, अ‍ॅव्होकाडो यांप्रमाणेच पॅशन फ्रूटनेही ओठ सुजणे किंवा अंगावर गांधी उठणे असा त्रास होतो, कारण या फळांतील काही प्रथिने लॅटेक्सच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी ते रिकाम्या पोटी टाळावे आणि इतरांनीही खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरावी, कारण एवढे आम्ल दातांवर फार वेळ राहणे एनॅमलला बरे नव्हे. तंतूंची सवय नसलेल्याने एकदम पाच-सहा फळे खाल्ली तर पोटात वायू धरतो, तेव्हा प्रमाण हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे.

कच्च्या फळाविषयीची सूचना अधिक महत्त्वाची आहे. या प्रजातीतील वेलींच्या पानांत, तसेच कच्च्या फळांत सायनोजेनिक ग्लायकोसाइड नावाची संयुगे असतात, जी पेशी चिरडल्या गेल्या की हायड्रोजन सायनाइड हे विष सोडतात. पाने कुरतडणाऱ्या किड्यांपासून वेलीला त्यामुळे संरक्षण मिळते, जरी काही फुलपाखरांच्या अळ्यांनी त्या विषाला पचवून हीच पाने आपले हक्काचे खाद्य बनविले आहे. फळ पिकत जाते तसे या संयुगांचे प्रमाण खूप घटते, म्हणून वेलीवरून आपोआप गळलेले पक्व फळ निर्धोक मानले जाते आणि हिरवे फळ तोडून खाणे टाळावे लागते. शोभेसाठी लावलेल्या कृष्णकमळाला कधी फळ धरलेच, तर ती वेल कोणत्या जातीची आहे हे जाणकाराकडून ठरवून घेतल्याखेरीज, विशेषतः लहान मुलांना, ते खाण्यास देऊ नये, कारण या प्रजातीच्या शेकडो जातींपैकी मोजक्याच जातींची फळे खाण्यासाठी पारखलेली आहेत.